उद्देशाचा रकाना

रुवीच्या मागच्या गल्लीत, लॉन्ड्री आणि पासपोर्ट-फोटोच्या मध्ये
टायपिंग सेंटर.
इथे माणसं कागदावर येतात:
कुणाची बायको, कुणाचा व्हिसा, कुणाचं मयत.
आज मी ‘कांदळ’ घेऊन आलोय.

पाक्षिक. वर्ष चौदावं. वाचक तीनशे सव्वीस.
त्यातले दोघे वारले, तरी अंक त्यांच्या पत्त्यावर जातो,
नाव काढवत नाही.
ऑफिस म्हणजे माझा लॅपटॉप
आणि भाजी निवडून झाल्यावर रिकामं होणारं टेबल.

नवा नियम आलाय.
पडद्यावर चार ओळी छापणारा तो प्रकाशक.
प्रकाशकाला परवाना, परवान्याला फी,
फीला शिक्का, शिक्क्याला मुदत,
आणि तळाशी, बारीक टायपात:
लेखकांची खरी नावं.

परवा बैठक झाली, म्हणजे चहा झाला.
पेडणेकर म्हणाले, बंद करू. आपण पाहुणे.
पाहुण्याने यजमानाच्या भिंतीत खिळा मारू नये.
रुखसार तुंगेकर म्हणाली,
चौदा वर्षं ऱ्हातो तो पाव्हणा कसला?
पेडणेकरांचा मुलगा म्हणाला, सर्व्हर दुसऱ्या देशात ठेवू,
नावगाव पुसून टाकू.
म्हटलं, सर्व्हर ठेवशील रे. मला कुठे ठेवशील?
मग कुणीतरी ग्रुप काढूया म्हणालं
आणि सगळे एकदम गप्प झाले.
चहा दोनदा झाला. निर्णय एकदाही नाही.

मग मी एकेकाला फोन लावला.
सोहारच्या बंदरात क्रेनवर असतो दत्ताराम घवाळी,
तो वरूनच ओरडला,
पूर्ण नाव टाका, बापाचं धरून!
त्याचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठे छापून आलंय?

‘सावली’ या नावाने रात्रपाळीवर लिहिणारी नर्स
बराच वेळ बोलली नाही.
तिच्या मागे कुठलंसं यंत्र टिक् टिक् करत होतं.
मग म्हणाली, कविता राहू द्या तुमच्याकडे.
मला तेवढं काढा.

काढलं.
नियमाने नव्हे, मी काढलं. माझ्या बोटांनी.

कुंजुमोन अरबीत टाइप करतो, हिंदीत विचारतो.
नाव?
कांदळ.
मतलब?
खाडीच्या तोंडाशी असतं ते झाड, सांगितलं.
पाय खारट चिखलात,
आणि श्वासापुरती मुळं वर काढलेली.
अरे, कुरम! म्हणाला, आणि तीन अक्षरं दाबली.

मी बघतच राहिलो.
आजोळच्या खाडीतून उचलून आणलं म्हणून मिरवत होतो जे नाव
ते इथल्याच मोहल्ल्याचं निघालं.
कुरमच्या सिग्नलला रोज सकाळी
लाल दिव्यात उभा असतो मी.

संपादक? मी.
जबाबदार व्यक्ती? तीही मीच.
उद्देश?

कर्सर लुकलुकत राहिला.
मागे एक बाई मुलाला थोपटत होती, रांग सरकत नव्हती.
भाषा जगवणं म्हणावं, तर ती माझ्याआधीही जगत होतीच.
सेवा म्हणावं, तर जीभ रेटेना.
शेवटी म्हटलं, लिहा:
लोक लिहून पाठवतात. कुणीतरी वाचायला हवं.

इतकं बसत नाही, कुंजुमोन म्हणाला. रकाना छोटा आहे.
‘सांस्कृतिक’ टाकू? सगळे तेच टाकतात.

टाका.

टायपिंगचे पैसे वेगळे. सुटे नव्हते,
पुढच्या वर्षी द्या म्हणाला,
नूतनीकरणाला याल तेव्हा.
हे त्याने इतक्या सहज धरलं होतं
की मलाही धरावं लागलं.

रात्री सावलीची कविता उघडली.
अंकात घातली नाही. पुसलीही नाही.
टेबलावर मेथीच्या काड्या तशाच होत्या,
तिथेच बसून हिला वाचून दाखवली.
हिने गॅस बारीक केला,
हात पदराला पुसले, म्हणाली,
ते यंत्राचं आहे ना,
तेवढं परत वाच.